बॉन्ड म्हणजे उचलच: परदेशी नोकरीचा पगार आणि बॉन्ड ठरवताना कंपनीशी बोलायचं कसं

मिरजेत नर्सिंग करणाऱ्या पोरींना आता ऑफर लेटर व्हॉट्सॲपवरच येतं आणि पाठोपाठ फोन येतो, मॅडम आजच सही करून पाठवा नाहीतर सीट जाईल. मी पण २०१९ ला असाच फोन घेऊन सही केली होती, इंग्लंडला जाताना. घरात पेढे वाटून झाले होते, आणि बॉन्डचं पान नीट वाचलं ते विमानात बसल्यावर. तीन वर्षांचा बॉन्ड आणि मधे कधीही सोडलं तरी पूर्ण रक्कम, म्हणजे पस्तिसाव्या महिन्यात सोडलं तरी तेवढीच. तिथं गेल्यावर कळलं की माझ्याच बॅचमधल्या केरळच्या एका मुलीनं सही करायच्या आधी एक मेल टाकून हेच कलम बदलून घेतलं होतं. एकच हॉस्पिटल, एकच काम, फक्त तिनं विचारलं आणि मी विचारलं नाही.

म्हणून हे लिहितेय. नर्स असो, वालचंदमधनं निघालेला इंजिनियर असो नाहीतर दुबईला निघालेला विट्याचा वेल्डर, बॉन्ड समजून घ्यायला आपल्याकडं एक शब्द आधीपासून आहे, उचल. जतमधनं जोडपं ऊसतोडीला निघतं तेव्हा मुकादमाकडनं उचल घेतं आणि ती तोडीतनं फिटते. बॉन्ड पण तोच व्यवहार आहे, मालकानं तुम्हाला न्यायला पैसे घातले, ते तुम्ही काम करून फेडायचे. ज्या घरात उचल वर्षानुवर्षं फिटत नाही तिथं हिशेबाची वही फक्त मुकादमाकडं असते, हे पण आपण बघितलेलं आहे. तेव्हा पुढचं सगळं त्या वहीबद्दल आहे.

पायरी १: समोर नेमकं कोण आहे

फोनवर बोलणारा माणूस बहुतेक वेळा एजंट असतो, कंपनी नव्हे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणं परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याची सरकारकडं नोंदणी लागते, ती ईमायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि त्यानं तुमच्याकडनं जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घ्यायची असते. दोन लाख मागणाऱ्याशी पगाराची बोलणी करत बसूच नका. इंग्लंडसाठी आणखी एक सोय आहे, तिथल्या सरकारच्या वेबसाइटवर लायसन्स असलेल्या स्पॉन्सरची, म्हणजे बाहेरच्या माणसाला व्हिसावर नोकरीला आणू शकणाऱ्या कंपन्यांची, यादी उघडी असते, कंपनीचं नाव त्यात शोधा.

मग एजंटला सांगा की बॉन्डबद्दल मला कंपनीच्या एचआरशी मेलवर बोलायचंय. बॉन्ड एजंटच्या नावानं असेल तर तो वेगळा कागद आहे, वेगळी उचल आहे, आणि एकाच खर्चासाठी दोन्हीकडं बांधून घ्यायचं काही कारण नाही.

पायरी २: सगळे कागद एकत्र मागा

ऑफर लेटर, कॉन्ट्रॅक्ट, बॉन्ड, आणि व्हिसासाठी कंपनी जे सरकारला लिहून देणार तो कागद. इंग्लंडला तो सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, सगळे सीओएस म्हणतात, त्यात पगार आणि तास लिहिलेले असतात. अमेरिकेच्या एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसाला एलसीए असतो, म्हणजे पगाराबद्दल कंपनी सरकारला देते तो अर्ज, त्याची प्रत कामावर रुजू व्हायच्या दिवसापर्यंत तुम्हाला द्यावीच लागते. चारही कागदांवर पगाराचा आकडा एकच पाहिजे. ऑफरमध्ये आठवड्याला ४० तास आणि सीओएसमध्ये ३७.५ असा फरक दिसला तरी विचारा, कारण महिन्याला दहा तास फुकट जातात.

पायरी ३: बॉन्डची रक्कम फोडून मागा

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. बॉन्डवर गोल आकडा असतो, पाच लाख, तीन हजार पाउंड. तो कशाचा बनलाय हे ओळीनं लिहून मागा आणि मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवा.

काही खर्च कायद्यानंच मालकाचे असतात. इंग्लंडमध्ये बाहेरचा माणूस आणला म्हणून मालक सरकारला जो इमिग्रेशन स्किल्स चार्ज भरतो तो कामगाराकडनं घेता येत नाही, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून स्किल्ड वर्करकडनं स्पॉन्सर लायसन्सची आणि सीओएसची फी पण वसूल करता येत नाही. यूएईत २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणं भरतीचा खर्च मालकानंच करायचा, सरळ किंवा आडून कामगारावर टाकायचा नाही. सौदीत पण भरती आणि इकामाची, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याची, फी मालकाची. अमेरिकेत एच-वन-बी वाल्यानं नोकरी लवकर सोडली म्हणून दंड घ्यायला बंदी आहे, राज्याच्या कायद्यात बसेल अशी रास्त नुकसानभरपाई तेवढी मागता येते. ह्यातलं काही तुमच्या यादीत दिसलं तर ते निघालं पाहिजे, आणि ह्याला मेहरबानी समजू नका.

उरलेले खर्च खरे असू शकतात. नर्सचं उदाहरण घ्या, २०२५ च्या दरानं एनएमसीची, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलची, सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा ८३ पाउंड, ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा ७९४, अर्ज तपासणी १४०, नोंदणी १५३. बेरीज ११७० होते, त्यात तिकीट आणि पहिल्या महिन्याची खोली धरा. हेल्थ अँड केअर व्हिसावर हेल्थ सरचार्ज माफ आहे, त्यामुळं ती ओळ यादीत नसलीच पाहिजे. एवढं कागदावर मांडलं की ५,००० पाउंडचा बॉन्ड का, हे त्यांनाच सांगता येत नाही.

नंतर फेड. मला मिळालं नाही ते हे कलम: उचल दर महिन्याला फिटली पाहिजे. तीन वर्षांसाठी ३,६०० पाउंड असेल तर महिन्याला १०० कमी, दीड वर्षानं सोडलं तर १,८०० द्यायचे. वर्षाच्या टप्प्यानं कमी करणारे असतात, ते चालवून घेता येतं, पण शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम हे अजिबात मान्य करू नका.

आणि तिसरं, कधी काहीच द्यायचं नाही ते लिहून घ्या. कंपनीनंच काढलं, कंपनीचं लायसन्स गेलं, पगार किंवा तास कबूल केल्यापेक्षा कमी दिले, आजारपणामुळं काम जमेना, घरी काही गंभीर झालं. इंग्लंडच्या आरोग्य भरतीच्या कोड ऑफ प्रॅक्टिसमध्ये अशा वसुलीसाठी चार गोष्टी सांगितल्यात, सगळं आधी स्पष्ट सांगणं, खर्चाएवढंच मागणं, फेडायला रास्त मुदत, आणि माणसाची परिस्थिती बघून लवचिकपणा. मेलमध्ये ह्या कोडचं नाव घ्या, एचआरला तो माहीत असतो.

पायरी ४: इकडं भारतात काय सही करताय

सांगलीत कोर्टाजवळ पाचशेच्या स्टॅम्पवर बॉन्ड करून घेतात आणि सोबत मागतात ते जास्त धोक्याचं असतं.

कोरा चेक देऊ नका. तो कुठल्याही रकमेनं भरून बाउन्स करता येतो आणि मग तुम्ही परदेशात असताना इकडं चेकची केस चालू होते. ओरिजिनल मार्कशीट, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. पासपोर्ट तर तुमचा पण नाही, कायद्यानं तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, दुसऱ्यानं ठेवून घ्यायचा प्रश्नच नाही.

आणि जामीनदार. वडिलांची सही, सातबाराची प्रत, कधी मामाची पण सही. आपल्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याएवढीच असते, म्हणजे ते थेट वडिलांकडं मागू शकतात. माझ्या वडिलांनी तासगावची द्राक्षबाग ज्या कर्जातनं उभी केली त्याच जमिनीचा उतारा त्या एजंटच्या फाइलमध्ये तीन वर्षं होता आणि ह्याचं मला आजही वाईट वाटतं. बॉन्ड माझा, सही माझी, घरच्यांची नाही, एवढं वाक्य पाठ करून जा.

बॉन्ड कोर्टात टिकतच नाही, करून टाक सही, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायची अट वैध ठरवली. दुसरीकडं करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं कागदावरची रक्कम ही वरची मर्यादा असते, कोर्ट रास्त भरपाईच देतं. म्हणजे अवाजवी बॉन्डशी भांडता येतं, पण भांडायला वर्षं जातात, त्यापेक्षा आधी एक मेल बरा.

पायरी ५: पगार हातात किती येतो ते काढा

पाउंडाला रुपयानं गुणून खूश होऊ नका. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यात २०२५-२६ ला बँड ५ ची, म्हणजे नव्या नर्सच्या पगारश्रेणीची, सुरुवात वर्षाला ३१,०४९ पाउंड होती. १२,५७० पर्यंत टॅक्स नाही, त्यापुढं २० टक्के टॅक्स आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, महिन्याला साधारण २,१५० उरतात, पेन्शन कापली तर आणखी कमी. त्यातनं खोली, बस, खाणं. ओएससीई पास होईपर्यंत बरेच दवाखाने खालच्या बँडवर ठेवतात, तो आकडा पण विचारा.

बँडचा पगार ठरलेला असतो मग बोलायचं काय, असं वाटेल. पण २०२५-२६ ला बँड ५ मध्ये दोन वर्षांनंतरची पायरी ३३,४८७ आणि चार वर्षांनंतरची ३७,७९६ होती. तुमचा मिरजेतला आयसीयूचा अनुभव धरून वरच्या पायरीवर घ्या असं मागता येतं. देणं त्यांच्या हातात आहे पण मागणाऱ्यालाच मिळतं. त्यासाठी अनुभवाच्या दाखल्यावर वॉर्ड, तारखा आणि पूर्णवेळ हे तिन्ही लिहून घ्या, आपल्याकडचे दाखले "काम समाधानकारक" एवढ्यावर थांबतात.

आखातात खेळ बेसिकचा असतो. माझ्या मावसभावाला ४,००० दिरहाम सांगितले आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये बेसिक १,६०० निघाला, बाकी अलाउन्स. यूएईत ग्रॅच्युइटी बेसिकवर, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची. १,६०० वर वर्षाला १,१२० दिरहाम होतात, तेच बेसिक २,४०० केला तर १,६८०. ओव्हरटाइम पण बेसिकवरच मोजतात. त्यानं एकूण वाढवा म्हणून हट्ट केला नाही, एकूण तेवढाच ठेवा पण बेसिक वर घ्या म्हणाला, आणि कंपनीनं मान्य केलं.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एलसीएवर चारपैकी कुठली वेज लेव्हल, म्हणजे पगाराची पातळी, लावलीय ते बघावं. आठ वर्षं अनुभवाच्या माणसाला पहिली लेव्हल लावली असेल तर बोलायला जागा आहे. प्रोजेक्ट नाही म्हणून बिनपगारी बसवणं तिथं चालत नाही.

पायरी ६: बोलायची वेळ आणि भाषा

वेळ म्हणजे ऑफर आल्यानंतर आणि इथला राजीनामा देण्याआधी. राजीनामा दिला की तुमची बाजू लंगडी झाली, हे त्यांना पण कळतं.

दहा मागण्या करू नका, तीनच. माझ्या मते क्रम असा, महिन्यानं कमी होणारा बॉन्ड, मग सूट मिळायच्या अटी, मग पगाराची पायरी. मेलमध्ये तक्रारीचा सूर नको. साधारण असं लिहा: नोकरी मला हवीय, तीन वर्षं राहायचा विचार आहे, कॉन्ट्रॅक्ट वाचलं, कलम अमुकमध्ये रक्कम दर महिन्याला छत्तिसाव्या भागानं कमी होईल असा बदल करून मिळेल का, आणि खर्चाची यादी जोडाल का. फोनवर काही कबूल केलं तर फोन ठेवल्या ठेवल्या मेल टाका, आत्ता आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना.

कॉन्ट्रॅक्ट सगळ्यांना सारखंच असतं, बदलत नाही, असं उत्तर येईलच. मग कॉन्ट्रॅक्ट तसंच राहू दे, वेगळं पत्र द्या म्हणा, कंपनीच्या लेटरहेडवर सहीनिशी. हे बऱ्याच ठिकाणी चालतं कारण त्यांना छापील नमुना बदलायचा नसतो एवढंच. खरसुंडीच्या बैलबाजारात रुमालाखाली हात घालून भाव ठरवणारी आपली माणसं आहेत, पहिल्या आकड्याला कोणी मान डोलवत नाही, इथंच आपण गप्प का बसतो. आणि साध्या प्रश्नावर कोणी ऑफर काढून घ्यायची धमकी देत असेल तर तिथं गेल्यावर तो कसा वागेल ते आत्ताच कळलं.

पायरी ७: सोडायची वेळ आली तर

बॉन्ड आणि व्हिसा वेगळे धरा. बॉन्डचे पैसे बाकी आहेत म्हणून कंपनी तुमचा व्हिसा रद्द करू शकत नाही, पण नोकरी संपली की तिला सरकारला कळवावंच लागतं. इंग्लंडमध्ये त्यानंतर साधारण ६० दिवस देतात, तेवढ्यात नवीन स्पॉन्सर आणि नवीन व्हिसाचा अर्ज. अमेरिकेत पण जास्तीत जास्त ६० दिवस, आणि नव्या कंपनीनं पिटिशन दाखल केलं की तिथं काम सुरू करता येतं. म्हणून नवीन स्पॉन्सर हातात आल्याशिवाय नोटीस देऊ नका, आणि नोटीस देताना बॉन्डची बाकी किती निघते ते लेखी मागा. शेवटच्या पगारातनं एकरकमी कापण्याऐवजी हप्ते मागा.

सगळ्या कागदांचा एक संच घरी ठेवा, बहिणीकडं किंवा भावाकडं, मेलच्या प्रिंटसकट. माझी धाकटी मावसबहीण गेल्या वर्षी गेली तेव्हा आम्ही दोघींनी बसून वहीत महिन्यांचे छत्तीस रकाने आखले. ती दर पगाराला मला मेसेज टाकते आणि मी इथं एक रकाना खोडते, आत्ता चौदा झालेत.