एसीची एक बाजू थंड, दुसरी गरम? गॅस भरायच्या आधी हे बघा

ड्रायव्हरकडं गार आणि शेजारी बसलेल्याला कोमट हवा यायली असंल तर लगेच गॅस भरायला पळू नका. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या वर गेला की गॅरेजवाले गॅसच भरायचा म्हणतेत. आधी साधा थर्मामीटर घ्या, गाडी सावलीत चालू ठेवा, हवा आतल्या आत फिरायचं बटण दाबा, पंखा मधल्यावर, आणि दहा मिनिटांनी एकेका व्हेंटमधी (हवा येती त्या जाळीत) धरून आकडे बघा. एक-दोन डिग्रीचा फरक चालतो, जास्त असंल तर मग शोधा. ड्युअल झोन (दोन्ही बाजूंचं टेंपरेचर वेगळं लावता येतं तसला एसी) असंल तर दोन्हीकडं सेटिंग सारखंच हाय ना ते पहिलं बघा, लेकरं फिरवून ठेवतेत. टेंपरेचर कमी-जास्त करताना डॅशबोर्डच्या आतून टक-टक-टक आवाज आला की ब्लेंड डोअरची (गार-गरम हवा मिसळणारी आतली झडप) छोटी मोटर गेली समजा, तिथं गॅसचा संबंधच नाही. आवाज नाही तर गॅस कमी असू शकतो, कारण अर्धाच इव्हॅपोरेटर (हवा गार करणारी आतली कॉइल) गार पडतो न एका बाजूचीच हवा थंड येते. पण गॅस असा पटकन आपोआप संपत नसतो, बहुतेक वेळा कुठंतरी लीक असतं, म्हणून आधी लीक टेस्ट करा म्हणा, नुसतं टॉपअप नको.