होमबिल्ट विमानासाठी जुनं इंजिन घेताय? तासांच्या आधी वर्षं मोजा

इकडे अमेरिकेत गॅरेजमध्ये किट प्लेन (सुट्या भागांच्या संचातून घरी बांधायचं विमान) बांधणारी मराठी मंडळी आता बरीच भेटतात आणि पंख-बॉडी होत आली की सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, इंजिन. नवीन लायकमिंग (विमान इंजिनांची कंपनी) घ्यायचं तर जवळपास किटइतकेच पैसे परत मोजावे लागतात, मग माणूस जाहिराती बघायला लागतो. आपण आरव्ही-९ए सारखं किट विमान धरून चालू, त्याला ११८ ते १६० हॉर्सपॉवर पुरतात, म्हणजे लायकमिंग ओ-३२० एकदम फिट, आणि जुन्या सेसना १७२ आणि पायपर चेरोकीमधून निघालेली ही इंजिनं बाजारात सतत येत असतात.

जाहिरातीत सगळ्यात ठळक काय असतं तर इंजिन चाललेले तास. "ओव्हरहॉलनंतर फक्त ४०० तास!" वाचायला भारी वाटतं, पण तो ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून केलेली दुरुस्ती, १९९४ साली झालेला असेल तर? म्हणजे वर्षाला सरासरी पंधराएक तास उडालंय, बाकी सगळा वेळ हँगरमध्ये धूळ खात उभं. लायकमिंग स्वतः ओ-३२० ला २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल तेव्हा ओव्हरहॉल करा, असं सांगतं, आणि लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात आणि दुसरा सोयीस्कर विसरतात. माझं सरळ मत आहे, दर महिन्याला नियमित उडणारं १४०० तासांचं इंजिन मी दहा वर्षं झोपलेल्या ४०० तासांच्या इंजिनाआधी घेईन.

कारण काय तर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो, इंजिन बंद झालं की तेल खाली सम्पमध्ये (तेलाच्या टाकीत) निथळून जातं आणि वरचे लोब (कॅमचे उंचवटे) आणि त्यांच्यावर घासणारे टॅपेट कोरडे पडतात, मग दमट हवेत त्यांच्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात कॅम खाली असतो, तिथे हा त्रास कमी. गावाकडे विहिरीवरची मोटर पावसाळाभर बंद ठेवली की दिवाळीत जाम झालेली सापडते ना, तसलाच प्रकार, फक्त इथे जाम होत नाही, इंजिन मस्त चालू होतं आणि पुढचे शंभर-दोनशे तास तो खडबडीत टॅपेट लोब खात राहतो आणि त्याची पूड तेलातून सगळीकडे फिरते. म्हणून विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, एक सिलिंडर काढून आत बघू देणार का? सिलिंडर काढला की टॉर्च धरून कॅमचे बरेचसे लोब दिसतात. नाही म्हणाला तर किंमत त्या हिशोबाने पाडा किंवा सरळ निघा. बोअरस्कोपने (छिद्रातून आत बघायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडरच्या भिंती आणि व्हॉल्व छान दिसतात, पण फक्त तेवढ्यावर कॅमबद्दल निश्चिंत होऊ नका.

दुसरी मोठी गोष्ट प्रॉप स्ट्राइक, म्हणजे विमानाचा पंखा कशावर तरी आपटणं. सॅल्व्हेजमधलं (मोडलेल्या विमानांच्या भंगारातलं) स्वस्त इंजिन बऱ्याचदा अशा विमानातलं असतं ज्याचं नोजव्हील मोडलंय, आणि नोजव्हील मोडलं म्हणजे चालू इंजिनाचा पंखा जमिनीवर आपटलाच. लायकमिंग म्हणतं अशा वेळी इंजिन पूर्ण खोलून तपासा. पण कायद्याने सक्तीचं काय तर एडी (सरकारचा सुरक्षा-आदेश) २००४-१०-१४ प्रमाणे क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरचा बोल्ट आणि डॉवेल पिन तपासणं, त्यामुळे काही मालक तेवढंच करून मोकळे होतात. "प्रॉप स्ट्राइक इन्स्पेक्शन झालंय" असं कोणी म्हणालं की पुढचा प्रश्न हाच, नक्की काय काय खोललं आणि क्रँकशाफ्टची मॅग्नेटिक तपासणी (तडे शोधायची) झाली का, तिचा कागद दाखवा. याउलट वादळात हँगर कोसळला, उभ्या विमानावर झाड पडलं, अशातलं इंजिन मिळालं तर त्याला पहिला नंबर द्या, कारण अपघाताच्या वेळी ते बंद होतं. फक्त पुराच्या पाण्यात बुडालेलं नाही ना ते बघा.

आता ते कुठल्या विमानातून निघालंय हे का विचारायचं ते सांगतो. सेसना १७२ चे पंख वर, पेट्रोल आपोआप खाली येतं, त्यामुळे त्यातल्या ओ-३२०-ई२डी ला मेकॅनिकल फ्युएल पंप नसतो आणि आपल्या लो विंग (पंख खाली असलेल्या) आरव्हीला तो लागतो. शिवाय त्याला कॉन्स्टंट स्पीड प्रॉपची (उडताना पात्यांचा कोन बदलणाऱ्या पंख्याची) सोयही नाही, फिक्स्ड पिच (कोन न बदलणारा) लावणार असाल तर काही बिघडत नाही. इंजिन माउंट (इंजिन विमानाला जोडणारी चौकट) कोनिकल प्रकारचा आहे की डायनाफोकल तेही आधी कळायला हवं, दोघांचं बोल्टिंग वेगळं, नाहीतर विमानाचा माउंट येऊन पडतो आणि इंजिन त्याच्यावर बसतच नाही. आणि ओ-३२०-एच२एडी दिसलं, १९७७ ते ८० च्या १७२ मधलं, तर नवशिक्याने लांबच राहावं असं मला वाटतं, कॅम-टॅपेट झिजण्यासाठी ते बदनाम आहे आणि दोन्ही मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) एकाच डब्यात एकाच शाफ्टवर, म्हणजे दोन असून एकच.

लॉगबुक पहिल्या पानापासून हवं. त्यात विमानाचा एन नंबर (नोंदणी क्रमांक) असतो तो घेऊन एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर अपघातांमध्ये शोधा, पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे, विकणारा विसरलेल्या बऱ्याच गोष्टी तिथे आठवतात. डेटा प्लेटवरचा (इंजिनावरच्या माहितीच्या पट्टीवरचा) सिरियल नंबर आणि लॉगबुकातला नंबर एकच आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. डेटा प्लेट जपा, सर्टिफाइड (सरकारमान्य) इंजिन आणि त्याला चालणारा सर्टिफाइड प्रॉप असेल तर नव्या विमानाचं सक्तीचं टेस्ट फ्लाइंग साधारण ४० ऐवजी २५ तासांत उरकतं.

"ओव्हरहॉल" हा शब्द ऐकून हुरळून जायचं नाही. पार्ट नवीन मापाला आणले होते की फक्त सर्व्हिस लिमिटमध्ये (झिजेच्या चालणाऱ्या मर्यादेत) बसतात म्हणून परत घातले, सिलिंडर नवीन की तेच, कोणत्या शॉपने केला, हे कागदावर पाहिजे. आणि झीरो टाइम (तास परत शून्यापासून) म्हणायचा अधिकार फक्त कंपनीला किंवा कंपनीने मान्य केलेल्या शॉपला आहे, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला नाही, त्याने कितीही छान निळा-करडा रंग मारलेला असू दे.

इंजिन अजून विमानावर असेल तर उत्तमच, गरम करून कम्प्रेशन टेस्ट करा. ८० पीएसआय आत सोडायचं आणि किती टिकतं बघायचं, सत्तरीत असेल तर छान, ६० च्या खाली गेलं तर तो सिलिंडर उतरणार धरा. हवा कुठून सुसते ते कान लावून ऐका, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) आली तर पिस्टनच्या रिंग. ऑइल फिल्टर कापून घडी उलगडा, चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा, चिकटले तर ते लोखंडाचे. १६० हॉर्सपॉवर आणि फिक्स्ड पिच असेल तर एडी ९८-०२-०८ चं काय केलंय विचारा, पोकळ क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला आतून गंज चढतो त्याबद्दल आहे ती. एक्सपेरिमेंटलला (अशा घरी बांधलेल्या विमानांना) एडी लागू होतात का यावर लोक तासन्‌तास भांडतात, भांडू दे, गंजाला तो वाद माहीत नसतो.

पैशाचा हिशोब उलटा करा. आधी एखाद्या इंजिन शॉपकडून पूर्ण ओव्हरहॉलचं कोटेशन घ्या, त्यात इंजिनाची किंमत आणि ट्रकचं भाडं मिळवा, आणि ती बेरीज नवीन इंजिनाच्या जवळ जात असेल तर नवीन घ्या.

आणि घाई नको, बरं का. पंखांचं रिव्हेटिंग चालू असताना स्वस्त मिळालं म्हणून इंजिन आणून ठेवलं तर विमान व्हायला अजून तीन-चार वर्षं, तोपर्यंत तेच गंजाचं काम तुमच्या गॅरेजमध्ये सुरू. घेतलंच तर प्रिझर्वेटिव्ह ऑइल भरा, स्पार्क प्लगच्या जागी डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग लावा, ते निळ्याचे गुलाबी झाले की बदला, एक्झॉस्ट-इनटेक-ब्रीदर सगळी तोंडं बंद करा. अधूनमधून हाताने प्रॉप फिरवायची सवय असेल तर सोडा, त्याने उरलंसुरलं तेल पुसलं जातं.