पाय चोळताना हात वरच्या दिशेने न्या

आईने गिरगावातल्या एका पोळी-भाजी केंद्रात तव्यासमोर उभं राहून 18 वर्षं काढली. घरी आली की घोटे सुजलेले, चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर तसाच. शाळेत असल्यापासून तिचे पाय मीच चोळते. म्हणून ‘जोर लाव, रक्तातले ब्लॉक निघतील’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं तडकतं. धमनीतला ब्लॉक चोळून निघत नाही. कातडीतलं रक्त वाढतं म्हणून पाय ऊबदार लागतो. पायात साचलेलं पाणी आणि शिरांमधलं रक्त वर सरकायला थोडी मदत होते, तीही काही वेळापुरतीच.

आधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. एकच पाय सुजलाय, पोटरी गरम, लाल, दुखरी आहे? मग हात लावू नका, तडक डॉक्टर गाठा. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि ते जिवावर बेततं. दोन्ही पाय रोज सुजत असतील तरी एकदा तपासून घ्या. ब्लडप्रेशरच्या अॅम्लोडिपिनच्या गोळीनेही पाय सुजतात.

माणसाला आडवं करा, टाचांखाली दोन उशा. चमचाभर खोबरेल पुरे.

आता पोटरी. इथे मी वर्षभर चुकले. ‘थकवा खाली उतरव’ असं शेजारच्या काकूंनी सांगितलेलं, म्हणून गुडघ्यापासून घोट्याकडे अंगठे रेटायची. सूज तिथेच, वर आईच्या पोटरीवर जांभळे डाग. ती रक्त पातळ करायची गोळी घेते हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोळूच नका.

पायाच्या शिरांमध्ये झडपा असतात, त्या रक्ताला वरच जाऊ देतात. हातावर करून बघा: मनगटाकडे फुगलेली शीर एका बोटाने दाबा, दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारा. पहिलं बोट उचलेपर्यंत शीर रिकामीच राहते. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरांनी 1628 साली हेच दाखवलं होतं.

शिवाय सुरुवात घोट्यापासून नाही, मांडीपासून. लोकलच्या दारात कसं, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं, मग चढायचं. मांडी मोकळी करा, मग गुडघ्याच्या मागे नुसता हलका हात, मग पोटरी, शेवटी घोटा. प्रत्येक हात खालून वर, सपाट तळव्याने, कणीक थापटावी इतपत दाबाने. अंगठा रुतवायचा नाही. फुगलेल्या निळ्या शिरा सोडून द्या. एका पायाला दहा मिनिटं.

तळव्याला काशाची वाटी फिरवायची असेल तर खुशाल फिरवा, आईला त्याने झोप छान लागते. फक्त वाटी फिरवताना तळव्यावर येणारा काळा रंग म्हणजे ‘अंगातली उष्णता’ नव्हे. तेल आणि धातू घासल्याने तो येतो.

शेवटी घोटा वर-खाली, 20 वेळा, मग गॅलरीत दोन फेऱ्या. पोटरीचा स्नायू आवळला की शिरा पिळल्या जातात, रक्त वर चढतं. माझ्या हातापेक्षा हे काम तोच जास्त करतो. आई मात्र उठवलं की दर वेळी कुरकुरते, “चालायचंच होतं, तर चोळलंस कशाला?”