फ्रंट-एंडमधलं नवं कसं गाठावं: आठवड्याला एक तास आणि एक जुना आयफोन

लातुरात मी गेली बरीच वर्षं वेबसाइटी बनवतो, त्यातही फ्रंट-एंड, म्हणजे लोकांना पडद्यावर दिसणारा भाग. गिऱ्हाईक म्हणजे कोचिंग क्लास, आडत दुकानं, बियाण्यांचे डीलर, एखादं मंगल कार्यालय. ‘रोज दोन तास वाचा, वीस न्यूजलेटर लावून ठेवा’ असा सल्ला देणाऱ्यांना संध्याकाळी गिऱ्हाइकाचे फोन येत नसावेत. मी आठवड्याला एक तास देतो आणि तेवढ्यात भागतं. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट हाताखालचं आहे असं धरूनच पुढचं लिहितोय.

कुठून वाचायचं

ब्राउझर बनवणाऱ्यांकडून. वेब डॉट डेव्हवर दर महिन्याला नवं काय आलं याची नोंद येते, आयफोनवरच्या सफारीसाठी तिच्या इंजिनाच्या, वेबकिटच्या, रिलीज नोंदी आहेत, अडलं की एमडीएन हा वेबचा संदर्भकोश. ‘अमुक मेलं, आता तमुक शिका’ छापाचे व्हिडिओ बघू नका. त्यातलं निम्मं पुढच्या वर्षी त्याच माणसानं खोडलेलं असतं.

कधी वाचायचं

रविवारी सकाळी. लाइट गेली तर सोमवारी. काही अडत नाही.

पाखडायचं कसं

इथे मी दोन-तीन वर्षं ठेचा खाल्ल्या, म्हणून इथे जरा थांबतो. नवी गोष्ट वाचून समजणं सोपं असतं. ती गिऱ्हाइकाच्या पानावर आज टाकायची की ठेवून द्यायची, हे ठरवणं अवघड.

ऑक्टोबर २०२०. नीटचा निकाल लागला आणि एका क्लासला गुणवंतांचं पान रातोरात हवं होतं. फ्लेक्सबॉक्समध्ये, म्हणजे गोष्टी एका रांगेत मांडायच्या सीएसएसच्या पद्धतीत, ‘गॅप’ (दोन गोष्टींमधलं अंतर) चालायला लागलाय हे मी नुकतंच वाचलं होतं. जुलैमध्ये क्रोम ८४ मध्ये तो आला होता, फायरफॉक्समध्ये तर २०१८ पासूनच होता. मार्जिनची कटकट गेली म्हणून मी खूश. प्रत्येक पोराच्या नावाखाली फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असे तीन आकडे एका ओळीत ठेवले आणि मध्ये गॅप दिला. माझ्या लॅपटॉपवर झकास, माझ्या अँड्रॉइडवर झकास. सकाळी साडेसातला क्लासवाल्या सरांचा फोन: “अहो दादा, हे मार्क एकमेकाला चिकटायलेत की! पालक विचारायलेत, हा फोन नंबर आहे का आन् एक आकडा कुठं गेला?”

सरांकडे आयफोन ७ होता. १५०, १६० आणि ३३५ हे तीन आकडे त्यावर १५०१६०३३५ असे दिसत होते. सफारीत फ्लेक्सचा गॅप आला एप्रिल २०२१ मध्ये, १४.१ या आवृत्तीत. म्हणजे मी सहा महिने आधीच उडी मारली होती. आयफोनवर क्रोम टाकून बघा, असं सांगायची सोयही नव्हती, कारण तिथला क्रोमही आतून सफारीच्याच वेबकिट इंजिनावर चालतो.

पुढची चूक त्याहून वाईट. ‘चालत नसेल तिथे ॲट-सपोर्ट्स लावा’ (ब्राउझरला अमुक येतं का असं विचारणारा सीएसएसचा नियम) हा सल्ला मी डोळे झाकून घेतला आणि एक आख्खी संध्याकाळ घालवली. ब्राउझरला विचारलं, गॅप येतो का? तो म्हणाला, येतो. कारण ग्रिड या दुसऱ्या मांडणीतला गॅप त्याला येत होता, फ्लेक्समधला येत नव्हता, आणि दोघांचं नाव एकच! शेवटी मुकाट्यानं मार्जिन लावले.

तेव्हापासून प्रत्येक नव्या गोष्टीला मी एकच प्रश्न विचारतो: ही नसली तर पान कसं दिसेल? याचं उत्तर डोक्यात शोधू नका. पान उघडा, डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली कोड तपासायची खिडकी) त्या ओळीपुढच्या चौकोनातली बरोबरची खूण काढा आणि बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हेडिंगच्या ओळी सारख्या लांबीच्या करणारं ‘टेक्स्ट-रॅप बॅलन्स’ काढलं तर हेडिंग जरा वेडंवाकडं तुटतं, बाकी काही होत नाही. असली गोष्ट आली त्या दिवशी वापरा. गॅप काढला की आकडे चिकटतात. असल्या गोष्टीला थांबवा. हे न बघता ‘जगात किती टक्के लोकांकडे चालतं’ यावर वाद घालणारे मला अजून भेटतात. सोयाबीनचा भाव बघायला शेतातून पान उघडणाऱ्या माणसाला त्या टक्केवारीशी काय देणंघेणं?

थांबवायचं किती दिवस, याला आता ‘बेसलाइन’ नावाची सोय आहे. २०२३ पासून ती एमडीएनच्या पानांवर माथ्यावरच दिसते. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत एखादी गोष्ट पोचली की तिला ‘नव्यानं उपलब्ध’ म्हणतात. त्यानंतर तीस महिने गेले की ‘सर्रास उपलब्ध’. उदाहरण म्हणून ‘हॅज’ हा सिलेक्टर घ्या. आतल्या घटकावरून बाहेरच्याला रंग देता येतो तो. सफारीत मार्च २०२२ ला आला, क्रोममध्ये ऑगस्ट २०२२ ला, आणि फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ ला. तीस महिन्यांची मोजणी या शेवटच्या तारखेपासून, म्हणजे जून २०२६ पर्यंत. ‘हॅज आलं हो!’ ही आरोळी मात्र मार्च २०२२ पासूनच सुरू होती. मोडणाऱ्या गोष्टींसाठी मी तीस महिन्यांचा नियम पाळतो आणि याबाबतीत कोणाचं ऐकत नाही.

तीस महिन्यांनंतरही एक खाच उरते. आपल्याकडे फोन घरात फिरतो: आधी थोरल्याकडे, मग आईकडे, मग गावाकडे. आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे गेलाच नाही. त्यामुळे त्यावर ‘हॅज’ चालतं, पण सफारी १६ मध्ये आलेल्या कंटेनर क्वेरी (घटक ज्या चौकटीत बसलाय तिच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारे नियम) कधीच चालणार नाहीत. अँड्रॉइड ८ आणि ९ वरचं क्रोम १३८ या आवृत्तीवर थांबलंय. म्हणून पानाची मांडणीच कंटेनर क्वेरीवर उभी करायची असेल तर आधी साधी एका रांगेतली मांडणी लिहा आणि नवी वर चढवा. या क्रमात उलटापालट करू नका.

हातानं करून बघणं

स्वतःचं एक जुनं पान ठेवा आणि दर महिन्याला त्यातली एक गोष्ट नव्या पद्धतीनं लिहा. माझं एका आडत दुकानाचं भावफलकाचं पान आहे. नवीन प्रोजेक्ट काढू नका, तो पुरा होत नाही.

डिझाइनमधलं नवं: आधी देवनागरीत बघा

डिझाइनची बहुतेक नवी टूम इंग्रजी अक्षरांवर बेतलेली असते. सध्या हेडिंगच्या ओळी एकमेकींना खेटून ठेवायची फॅशन आहे, लाइन-हाइट अगदी १. तीच मराठीत लावा: वरच्या ओळीतल्या ‘मुहूर्त’चे उकार खालच्या ओळीतल्या ‘शैक्षणिक’च्या मात्रांत घुसतात. मी हेडिंगला १.४ च्या खाली जात नाही. लेटर-स्पेसिंग तर मराठीला लावूच नका, शिरोरेषेचे तुकडे होतात. तरी मंगल कार्यालयांच्या साइटींवर ते हमखास दिसतं.

एकेक अक्षर उमटत जाणारं ॲनिमेशन हवं असतं तेव्हा लोक शब्द सरळ फोडतात. ‘नांदेड’चे मग सहा तुकडे होतात, आणि सुटे पडलेले काना, अनुस्वार, मात्रा बऱ्याचदा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेले दिसतात. त्यासाठी जावास्क्रिप्टमधला ‘इंटल सेगमेंटर’ वापरा. तो नां, दे, ड असे तीन तुकडे देतो. एप्रिल २०२४ पासून तो चारही ब्राउझरांत आहे.

फ्रेमवर्क

फ्रेमवर्क म्हणजे साइट उभी करायचा जावास्क्रिप्टचा तयार सांगाडा. नोकरीत जे आहे ते नीट शिका, दुसरं फक्त ओळखीपुरतं. मात्र सुरुवात करण्यापूर्वी ते अजून सांभाळलं जातंय का, हे अधिकृत पानावर बघा. अँग्युलरजेएसचा सपोर्ट डिसेंबर २०२१ अखेर संपला. रिॲक्टचा नवा प्रोजेक्ट सुरू करून देणारं क्रिएट रिॲक्ट ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टवाल्यांनीच बाद ठरवलं. कोणी आजही त्यावरून शिकवत असेल तर फी भरण्याआधी विचारून घ्या.

खरा फोन

लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी अरुंद करून बघणं म्हणजे फोनवर बघणं नव्हे. एक जुना फोन मिळवा. क्लासवाल्या सरांनी नवा फोन घेतला तेव्हा त्यांचा आयफोन ७ मी मागून घेतला. काच तडकलेली आहे आणि बॅटरी तासभर टिकते, म्हणून रविवारी चहा ठेवतानाच तो चार्जिंगला लावतो.