सिंथ ‘प्लास्टिक’ वाजतोय? नवीन प्लगिन घ्यायच्या आधी या चुका टाळा

कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात लॅपटॉपवर म्युझिक करणारी पोरं आता इतकी झालीत की एकांकिकांचा सीझन आला की कोणी ना कोणी हेडफोन गळ्यात अडकवून माझ्याकडे टपकतंच आणि प्रश्न एकच असतो, "दादा, साउंड प्लास्टिक वाटतोय, कुठला सिंथ घेऊ?" (सिंथ म्हणजे आवाज स्वतः तयार करणारं वाद्य, इथे म्युझिक सॉफ्टवेअरला जोडायचं प्लगिन. आणि घेऊ म्हणजे विकतच घेऊ असं नसतं, त्यावर खाली बोलतो.) मी म्हणतो प्रोजेक्ट उघड आधी. उघडलं की बहुतेक वेळा सिंथ बिचारा निर्दोष निघतो. २०११ मध्ये डिवा हा अॅनालॉग (सर्किटवर चालणाऱ्या) सिंथची नक्कल करणारा प्लगिन आला तेव्हापासून "सॉफ्टवेअरला अॅनालॉग जमत नाही" हे वाक्य म्हणायला फार जागा उरलेली नाही, तरी लोक म्हणतातच, कारण सेटिंग बघण्यापेक्षा ते सोपं असतं.

क्वालिटी ड्राफ्टवर ठेवून गाणं बाहेर काढणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर.

गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत एका पोराने केलं होतं. क्लायमॅक्सला एक लीड नोट खालून सरकत सरकत दोन सप्तकं वर जाते आणि ब्लॅकआउट. खोलीत हेडफोनवर मस्त, वरून भरपूर रिव्हर्ब. तांत्रिक तालमीला हॉलमध्ये लावलं तर दिग्दर्शक मागच्या रांगेतून ओरडला, "ही शिट्टी कोण वाजवतंय?" मग नेहमीचं सुरू झालं. साउंडवाल्याला वाटलं माइकचा फीडबॅक, त्याने सगळे फेडर खाली ओढले, शिट्टी तशीच. केबल बदलली, तशीच. पोराने मास्टरवर ईक्यू टाकून वरचं सगळं कापलं, लीड मेली पण शिट्टी जिवंत. रात्रीतून कुठूनतरी दुसरा सिंथ आणून तीच नोट वाजवून झाली, मग मला फोन.

मी फक्त दोनदा ऐकलं. लीड वर चालली होती आणि शिट्टी खाली येत होती. एवढं कानावर पडलं की पुढे काही शोधायचं राहत नाही, हे एलियासिंग आहे, म्हणजे डिजिटल हिशोबात भलत्या जागी उगवलेले सूर. प्लगिन उघडलं तर क्वालिटी सगळ्यात खालच्या पायरीवर, कारण चाल बसवताना लॅपटॉप गुदमरत होता म्हणून याने ती कमी केली आणि विसरला. आणि तो "दुसरा सिंथ"? त्याचंही तेच, इन्स्टॉल केल्या केल्या पहिलं काम क्वालिटी खाली. वर नेली, पुन्हा रेंडर केलं, शिट्टी बरीचशी गेली. उरलेली पुढच्या डिस्टॉर्शन प्लगिनमधून येत होती, त्याचं ओव्हरसॅम्पलिंग (ते काय, खाली सांगतो) बंद होतं. ते चालू केलं आणि विषय संपला.

आता हे होतं का, ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे आयुष्यभर पुरेल. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. सॉ वेव्हला (करवतीच्या दात्यांसारखी लहर) मात्र हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट हर्ट्झचे सूर, वर वर जातच राहतात. समजा तुम्ही २०९३ हर्ट्झची वरची सा वाजवली, तर तिचा अकरावा हार्मोनिक २३,०२३ ला जातो, म्हणजे हद्दीबाहेर. साध्या हिशोबाने बनवलेल्या ऑसिलेटरमध्ये (सिंथचा मूळ लहर तयार करणारा भाग) तो नाहीसा होत नाही, हद्दीवरून मागे वळतो आणि २१,०७७ ला बसतो. विसावा हार्मोनिक ४१,८६० चा, तो वळून येतो २२४० हर्ट्झवर. तुमची नोट २०९३ वर, तिच्या शेजारीच २२४० वर हा आगंतुक, मूळ नोटेपेक्षा साधारण २६ डेसिबलच खाली, म्हणजे चांगला ऐकू येईल असा. कुठल्याही रागात न बसणारा सूर. नोट वर सरकवली की हे वळलेले सूर खाली सरकतात, तीच ती शिट्टी. आणि म्हणूनच नंतर ईक्यू मारून उपयोग नसतो, कारण घाण वर नसते, ती तुमच्या सुरांच्या मध्ये येऊन बसलेली असते.

चांगले सिंथ ऑसिलेटरमध्ये आधीच काळजी घेतात आणि वर ओव्हरसॅम्पलिंग देतात, म्हणजे आतला हिशोब दुप्पट-चौपट रेटने करायचा, वरचं कापायचं आणि मग खाली आणायचं. सीरम, व्हायटल या सिंथमध्ये सेटिंगला थेट दोनपट-चारपट असे पर्याय आहेत. डिवामध्ये ड्राफ्टपासून डिव्हाइनपर्यंत चार पायऱ्या आहेत. माझी सवय अशी की चाल बसवेपर्यंत खालची पायरी, आणि पार्ट पक्का झाला की त्याच मिनिटाला वर नेऊन ट्रॅक फ्रीझ, म्हणजे ऑडिओ करून गोठवायचा. "शेवटी सगळं एकदम करू" म्हणणारे शेवटी विसरतात, मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता वादही घालत नाही.

काही जण यावर उपाय म्हणून अख्खा प्रोजेक्ट ९६ किलोहर्ट्झला नेतात. चूक नाही, पण साध्या पियानोपासून रिव्हर्बपर्यंत सगळ्यांचा लोड जवळपास दुप्पट होतो आणि मग तेच लोक लॅपटॉप हँग होतो म्हणून रडतात. जिथे घाण होते तिथेच ओव्हरसॅम्पल करा ना.

नवीन सिंथ हातात आला की मी प्रीसेट (तयार सेटिंग) ऐकतच नाही. इनिट पॅच (कोरं सेटिंग), एक सॉ, फिल्टर पूर्ण उघडा, इफेक्ट सगळे बंद, आणि वरच्या सप्तकात पिच व्हील हळूहळू वर. काही उलट्या दिशेने चाललेलं ऐकू आलं तर क्वालिटी वाढवून परत. दोन मिनिटांचं काम आहे, पण प्रीसेट चाळायचा मोह आवरत नाही लोकांना.

चर्रर्र आणि एलियासिंग यात घोळ घालणं

आवाज फाटतोय, चरचरतोय असं वाटलं तर एक्स्पोर्ट करून ऐका. एक्स्पोर्टमध्ये स्वच्छ असेल तर तो सीपीयूचा ताण होता, बफर (आवाज वाजण्याआधी साठवायची जागा) वाढवा. एक्स्पोर्टमध्येही असेल तर लेव्हल किंवा एलियासिंग बघा. आणि बफर वाढवल्याने क्वालिटी वाढत नाही हो, फक्त दम मिळतो. ४४.१ ला ५१२ चा बफर म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांच्या आसपास उशीर, की-बोर्ड वाजवताना तो बोटांना कळतो.

एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉप तापला की स्वतःहून स्पीड कमी करतो, त्याला प्लगिन काय करणार. पॉवर सेव्हर मोड तरी बंद करा.

चार्जर लावला की गुणगुण येते, काढला की जाते? तो सिंथ नाही, बहुतेक घरातलं अर्थिंग आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थची वायरच नसते. इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल घ्या, तपकीर गल्लीत मिळते.

ब्लूटूथ हेडफोनवर फिल्टर जज करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

अॅनालॉग म्हणजे डळमळीत, असं समजणं

ही दुसरी नावडती. हल्ली प्रत्येक सिंथवर ड्रिफ्ट, व्हिंटेज, एज असलं काहीतरी सूर किंचित हलवणारं एक नॉब असतंच आणि नवीन माणूस ते मिसळीवर तर्री ओतल्यासारखं ओततो. विचारलं तर म्हणतो "वॉर्म होतं."

एका भावगीताच्या रेकॉर्डिंगला असंच झालं. अरेंजरने ज्युनो या जुन्या सिंथचं एम्युलेशन (सॉफ्टवेअर नक्कल) लावून पॅड केला होता, ड्रिफ्ट पाऊण, युनिसन आठ आवाज (एकाच नोटेचे आठ थर), वरून कोरस, म्हणजे आवाज दाट करणारा इफेक्ट. स्पीकरवर ऐकताना काय भव्य. गायिका बूथमध्ये गेली, एक ओळ म्हटली, थांबली, परत म्हटली, आणि हेडफोन काढून शांतपणे विचारलं, "अहो, यातला षड्ज कुठला धरू?" अरेंजरकडे उत्तर नव्हतं. ड्रिफ्ट आणि युनिसन शून्यावर आणलं, कोरस तेवढा ठेवला, पुढचा टेक ओके.

गंमत म्हणजे ज्युनो-६० हे १९८२ चं वाद्य मुळात डळमळीत नव्हतंच. त्याचे ऑसिलेटर डिजिटल क्लॉकवर बांधलेले, एका आवाजाला (एका वेळी वाजणाऱ्या एका नोटेला) एकच ऑसिलेटर, सूर एकदम पक्का. लोकांना जे "ज्युनो" वाटतं त्यातलं बरंचसं त्या बीबीडी (आवाज किंचित उशिरा सोडणाऱ्या) चिपवाल्या कोरसमधून येतं. म्हणजे ज्युनोच्या एम्युलेशनवर पाऊण ड्रिफ्ट लावणं म्हणजे ज्युनोपासून लांब जाणं. सूर खरंच हलायचा तो मिनिमूगसारख्या मशिनवर, जे १९७० चं. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये तर मायक्रोप्रोसेसर होता आणि सूर जुळवायला वेगळं ट्यून बटण होतं. त्या काळचे लोक सूर हलू नये म्हणून धडपडत होते आणि आपण तो हलावा म्हणून नॉब फिरवतोय.

याचा कळस २०२० मध्ये झाला. प्रॉफेट-५ नव्याने आला, खराखुरा अॅनालॉग, आणि त्यावर व्हिंटेज नावाचा नॉब, जो फिरवला की आवाजांमधला फरक जुन्या मशिनसारखा वाढतो. हार्डवेअर आता एम्युलेशनसारखं वागतंय, तेव्हा "खरं अॅनालॉग" वगैरे वाद घालताना जरा बेतानं.

मी काय करतो? सुरात दोन-तीन सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर जात नाही, गाणारा माणूस असेल तर तेवढंही नाही. त्याऐवजी प्रत्येक आवाजाचा कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती जागा) आणि एन्व्हलपचा (आवाज चढण्या-उतरण्याचा) वेळ किंचित वेगवेगळा ठेवतो. डिवाच्या ट्रिमर पानावर याची सोय आहे. जीव त्याने येतो, आणि षड्ज जागेवर राहतो.

लेव्हल न जुळवता तुलना

जे थोडं मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, यात तुमचा-माझा कुणाचाही कान अपवाद नाही. "हा प्लगिन त्याच्यापेक्षा फॅट आहे" म्हणायच्या आधी मीटर बघून दोन्ही सारखे करा, प्रीसेटमधले इफेक्ट काढा, आणि बटण दुसऱ्याला दाबायला सांगून डोळे मिटून ऐका. यूट्यूबवरच्या तुलना बघून हजारो रुपयांचे निर्णय घेतात लोक, लेव्हल जुळवलीये का हे कोणी विचारत नाही.

त्याचाच भाऊ म्हणजे मिनिमूगच्या एम्युलेशनमध्ये तिन्ही ऑसिलेटर मिक्सरवर फुल ठेवणं. त्या मशिनमध्ये मिक्सर जास्त उघडला की फिल्टर ओव्हरड्राइव्ह होतो, चांगलं एम्युलेशन तेही करतं, आणि मग तक्रार येते की साउंड चोंदलेला आहे. कमी करा. रेझोनन्स (कटऑफजवळचे सूर उचलणारा नॉब) वाढवला की बेस जातो ही तक्रारही तीच, मिनिमूगचा लॅडर फिल्टर असाच वागतो, तो बग नाही.

क्रॅक

व्हायटलचं फुकट व्हर्जन आहे, सर्ज एक्सटी पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स आहे. तरी क्रॅक (चोरीचं प्लगिन) लावून मग "प्रोजेक्ट उघडत नाही" म्हणून माझ्याकडे आलात तर चहा मिळेल, मदत नाही.

"थांबतो, आता एआय येतंय"

एआयने सिंथ अजून खरे वाटतील म्हणून थांबणं, ही नवीन चूक. जुन्या डिजिटल फिल्टरमध्ये फीडबॅक (बाहेर आलेला आवाज परत आत नेणं) एक सॅम्पल उशिरा यायचा, त्यामुळे रेझोनन्स आणि कटऑफ दोन्ही वर नेले की सूर सरकायचा, मॉड्युलेशन जोरात केलं की भलतंच व्हायचं. झीरो डिले फीडबॅकवाल्या पद्धतीत प्रत्येक सॅम्पलला समीकरण सोडवतात, सर्किटच्या वक्रपणासकट (नॉनलिनिअर, म्हणजे दुप्पट आत गेलं तर बरोबर दुप्पट बाहेर येत नाही), म्हणून ते खरं वाटतं आणि म्हणूनच सीपीयू खातं. सुधारणा व्हायची ती बरीचशी इथे होऊन गेली.

न्यूरल नेटवर्कने गिटार अॅम्पमध्ये कमाल केलीये हे मान्य. पण अॅम्पमध्ये आवाज आत जातो, आवाज बाहेर येतो, जोडी शिकवता येते. सिंथमध्ये पंचवीस-तीस नॉब, प्रत्येक आवाजाचा एन्व्हलप वेगळा, सगळे एकमेकांत गुंतलेले. माझा अंदाज, एखादा फिल्टर, एखादा सॅच्युरेशनचा टप्पा नेटवर्कवर जाईल, अख्खा सिंथ इतक्यात नाही. आणि हो, नेटवर्कही वक्रच असतं, तेही एलियासिंग करतं. म्हणजे पहिला मुद्दा परत वाचा.

मला भविष्याची काळजी आहे ती वेगळीच. ज्युनो-१०६ च्या आवाजाच्या चिप खराब होण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, तरी १९८४ चं ते मशीन आज दुरुस्त करून वाजवता येतं, बदली चिपही मिळतात. पण दोन हजारच्या दशकातले ३२-बिट सिंथ? २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं, आणि ज्यांचे नवे व्हर्जन आले नाहीत ते गेले. त्यातले काही उत्तम वाजायचे. आजचे लाडके प्लगिनही कधीतरी त्याच रांगेत जाणार आहेत, लायसन्स सर्व्हर बंद पडला की आधीच.

म्हणून काम संपलं की प्रत्येक सिंथ ट्रॅक २४-बिट वेव्ह करून ठेवा, इफेक्टसकट एक आणि कोरडा एक, सगळे एकाच ठिकाणाहून सुरू होणारे, फाइलच्या नावात टेम्पो आणि स्वर, आणि सोबत मिडी (वाजवलेल्या नोटांची फाइल). प्रीसेटच्या नॉबचा एक स्क्रीनशॉटही टाका त्याच फोल्डरमध्ये. दोन वर्षांनी दिग्दर्शकाचा फोन येतो, "तोच प्रयोग परत करतोय, ती शेवटची लीड जरा छोटी करून दे," तेव्हा तो सिंथ तुमच्या लॅपटॉपवर असेलच असं नाही.