उसात बिबट्याची पिल्लं निघाली तर

आमचं शेत निफाड तालुक्यात, गोदाकाठाला. इकडचा बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच मोठा होतो. वर्षभर कोणी आत न शिरणारं दाट रान, शेजारी नदीचं पाणी, वस्तीवर कुत्री. मग एक दिवस तोडणीची टोळी येते आणि त्याचं घर सरीसरीनं आडवं व्हायला लागतं.

पिल्लू दिसलं की आधी कोयते थांबवा. मुकादम कुरकुर करील, त्याला गाडी भरायची असते, ऐकू नका. मादी बहुतेक वेळा उभ्या उसातच दबून असते. फटाके लावून तिला हुसकायला जाल तर ती अंगावर येईल. सगळ्यांनी एकत्र, तोंड उसाकडे ठेवून मागे सरका आणि १९२६ ला फोन लावा. ती वनखात्याची हेल्पलाइन आहे.

वाघाटीची (ही ठिपक्यांची छोटी जंगली मांजर) अन् रानमांजराची पिल्लंही उसात निघतात आणि गावभर बोंब बिबट्याची होते. वाघाटी तर पुरी वाढली तरी दीड किलोच्या आतबाहेर. बिबट्याचं पिल्लू करडं, लोकरी, ठिपके एकमेकांत मिसळलेले. ओळखू आलं नाही तरी बिघडत नाही, करायचं तेच असतं.

हात लावू नका. मी लावलाय. पहिल्या वेळी तीन पिल्लं पोत्यात घालून घरी आणली, वाटीत गाईचं दूध ठेवलं. अर्धं गाव मोबाइल घेऊन ओट्यावर. एका पिल्लाला हगवण लागली. संध्याकाळी वनरक्षक आले. रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "भाऊ, कुठल्या सरीत होती?" मला सांगता येईना. तोवर टोळीनं सगळा फड साफ केला होता, नुसतं पाचट पसरलेलं. आई परत येते ती त्याच जागी. तिला पिल्लं मिळायला तीन रात्री गेल्या, आणि त्या तिन्ही रात्री ती आमच्या गोठ्यामागे गुरगुरत फिरली.

म्हणून जागेवर खूण करा. उसाला फडकं बांधा, चपला ठेवा, काहीही. भोवतीचा थोडा ऊस उभा राहू द्या. अंधार पडताना वनखात्याची माणसं तिथंच पिल्लं ठेवतात, शेजारी कॅमेरा लावतात. पिल्लं ठेवायला क्रेट लागला तर टोमॅटोचा द्या. आपण तिकडे फिरकायचं नाही, बॅटरीसुद्धा मारायची नाही. पाण्याची मोटर रात्रीच चालू करावी लागत असेल तर तेवढा दिवस राहू द्या.

त्या रात्री टोळीच्या कोपीकडे, म्हणजे झोपडीकडे, मात्र लक्ष द्या. लेकरं आत झोपवा. बाहेर शौचाला बसायला एकट्यानं जाऊ देऊ नका. वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो.

गेल्या खेपेला सकाळी जाऊन पाहिलं तर क्रेट पालथा, दोन्ही पिल्लं गेलेली. ओल्या सरीत तिचा पंजा उमटला होता. उरलेला ऊस दुपारनंतर तोडला.