एन्झाइम मेलं की धातू गेला? या चुका टाळा

"सर, एन्झाइम मेलं." बडोद्याच्या आमच्या लॅबमध्ये हे दरवर्षी कानावर येतं. बहुतेकदा ते मेलेलं नसतं. त्यातला धातू आपणच काढून टाकलेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ईडीटीए, धातू पकडून ठेवणारं रसायन. एक विद्यार्थिनी बोकडाच्या आतड्यातून अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम काढत होती. संध्याकाळी सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) घालताच नळी पिवळीधमक, म्हणजे एन्झाइम चालू. रात्रभर डायलिसिस केलं, म्हणजे अर्क पातळ पडद्याच्या नळीत भरून बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बुडवून ठेवला; सकाळी रंगाचा मागमूस नाही. कोल्ड रूमवर संशय घेऊन तिने पुन्हा आतडं आणलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती रडवेली होऊन आली, तेव्हा मी वही न बघता बफरची बाटली मागितली. लेबलवर 'टीई'. डीएनएसाठी केलेलं, १ मिलिमोलर ईडीटीए घातलेलं. तयार होतं म्हणून उचललं! या एन्झाइमच्या प्रत्येक सक्रिय जागेत दोन झिंक आणि एक मॅग्नेशियम असतं, आणि ईडीटीए झिंकला घट्ट धरतं. दहा मिनिटं वाचवायला तीन आठवडे गेले. दुसऱ्याच्या बाटलीतलं बफर मी कुणालाच वापरू देत नाही.

आम्ही आधी नुसत्या ट्रिस बफरमध्ये, ईडीटीएशिवाय, दोनदा डायलिसिस केलं, मगच झिंक आणि मॅग्नेशियम घातलं. क्रम उलटा केला की घातलेलं झिंक उरलेलं ईडीटीएच पकडून बसतं. रंग परतला, पण पहिल्याइतका नाही. डायलिसिसची नळीही ईडीटीएत उकळलेली असते हे विसरू नका. मी ती सहा पाण्यांनी धुतो.

झिंक ओंजळीने घालू नका. कार्बॉक्सिपेप्टिडेज ए या झिंकवाल्या एन्झाइमला जादा झिंकच अडवतं.

फॉस्फेट बफरमध्ये झिंक घातलं तर पांढरा साका बसतो. शिवाय फॉस्फेट अल्कलाइन फॉस्फेटेजलाच रोखतं.

प्रोटीन वेगळं करायच्या निकेल कॉलमवर डीटीटी हे रिड्यूसिंग रसायन घातलं तर कॉलम तपकिरी होतो, ईडीटीएने निकेलच निघून जातं.

बाहेरचा धातूही नको: काचेची भांडी आधी सौम्य नायट्रिक ॲसिडने धुवा. रबरी बुचं टाळा, रबरात झिंक ऑक्साइड असतं.

नवं प्रोटीन हातात आलं की पहिल्याच दिवशी मी एका नळीत मुद्दाम ईडीटीए घालतो. काम थांबलं तर धातूचा संशय पक्का होतो. चालू राहिलं म्हणून धातू नाही असं मात्र लिहून टाकू नका: कॅटलेज या एन्झाइमच्या हीममधलं (लोखंड घट्ट धरणाऱ्या गटातलं) लोखंड ईडीटीएला दाद देत नाही.